वॅगनआरला ९५ चं पेट्रोल: तूप राहू द्या, आधी ती खडखड बघा

पत्र:

"ताई नमस्कार. आमच्याकडे २०१८ ची वॅगनआर आहे, एक लिटर इंजिनवाली, पेट्रोल. मिस्टर रोज कराड-सातारा ये-जा करतात, महिन्याला १३० लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. दिवाळीपासून ते साधं पेट्रोल भरतच नाहीत, ९५ लिहिलेलंच भरतात, लिटरमागे आठेक रुपये जास्त जातात. पंपावरचा मुलगा म्हणाला इंजिन साफ राहतं, ॲव्हरेज वाढतं. माझे दीर न्यू जर्सीला असतात, ते म्हणाले आम्ही इथे ९३ भरतो, तुमचं ९१ म्हणजे हलकं पेट्रोल. मिस्टर म्हणतात गाडी घरातलं माणूस आहे, तिला तूप खाऊ घातलं तर बिघडलं कुठे. मला तर ॲव्हरेजमध्ये काही फरक दिसत नाही. माहेर चिपळूणचं, तिकडून परत येताना कुंभार्ली घाट चढताना इंजिनमधून खडखड आवाज येतो, तो आधी जास्त यायचा, ९५ भरल्यापासून जरा कमी वाटतो. पैसे वाया जातायत का? आणि ९५ बंद केलं तर गाडीला त्रास होईल का?"
(एक वाचक, कराड)

ताई, नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. तुमच्या गाडीला रोजच्या कराड-साताऱ्याला ९५ ची गरज नाही, ते बंद केलंत तर गाडीला काहीही त्रास होणार नाही, आणि तुमचा हिशोब मी मांडून बघितला, १३० लिटरला आठ रुपये म्हणजे महिन्याचे १,०४० आणि वर्षाचे १२,४८० रुपये. ही रक्कम लहान नाही. पण तुमच्या पत्रातलं घाटाचं वाक्य वाचून मी थांबले, की घाटातली खडखड ९५ भरल्यावर कमी झाली. खरा मुद्दा तो आहे. त्यावर सविस्तर बोलू, पण त्यासाठी आधी ऑक्टेन म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल, नाहीतर मी सांगितलेलं मिस्टरांना पटणार नाही.

इंजिनमध्ये काय होतं बघा. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलेंडरमध्ये जातं, पिस्टन वर येऊन ते दाबतो, आणि बरोब्बर वेळेला स्पार्क प्लगची ठिणगी पडून ते पेटतं. आता कुठलाही गॅस जोरात दाबला की तापतो, सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप खाली गरम लागतो ना, तसंच. तर कधीकधी दाबून दाबून मिश्रण इतकं तापतं की ठिणगीची आग त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकतं. त्याला नॉकिंग म्हणतात. झोका मागे येत असतानाच कोणी पुढे ढकलला तर कसा हिसका बसतो, तसा हिसका पिस्टनला बसतो आणि बाहेर आपल्याला खडखड ऐकू येते, डब्यात खडे हलवल्यासारखी.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोल किती दम धरू शकतं त्याचा आकडा. दाब आणि उष्णता सोसून ठिणगीची वाट बघायची ताकद, बस एवढंच. आयसो-ऑक्टेन नावाचा एक घटक भरपूर दम धरतो म्हणून त्याला १०० दिले, एन-हेप्टेन नावाचा लगेच भडकतो म्हणून त्याला शून्य दिलं, आणि आपलं पेट्रोल एका ठरावीक टेस्ट इंजिनमध्ये चालवून बघतात की ते या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतंय. ९१ म्हणजे ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतका दम. या आकड्यात ताकद कुठेही मोजलेली नाही, स्वच्छता मोजलेली नाही, ॲव्हरेज मोजलेलं नाही.

तुपाचं उदाहरण इथेच चुकतं. तुपात जास्त शक्ती असते म्हणून आपण ते घालतो, ९५ च्या पेट्रोलमध्ये ९१ पेक्षा जास्त शक्ती नसते. मिस्टरांना पटवायचं असेल तर सीएनजीचं उदाहरण द्या, कराडात प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी सीएनजीवाला असतोच. सीएनजीचा ऑक्टेन १२० च्या वर जातो, म्हणजे ९५ काय, १०० वाल्या पेट्रोललाही मागे टाकतो, आणि तरी सगळे काय म्हणतात, सीएनजीवर पिकअप पडतो. तुमच्याच वॅगनआरचं बघा, एक लिटरचं तेच इंजिन पेट्रोलवर साधारण ६७ हॉर्सपॉवर देतं आणि कंपनीच्या सीएनजी मॉडेलमध्ये ५८ च्या आसपास. ऑक्टेन वाढला की ताकद वाढते असं असतं तर रिक्षा सगळ्यांच्या पुढे धावल्या असत्या.

मग जास्त ऑक्टेन कोणाला लागतं? ज्या इंजिनात दाब जास्त आहे त्याला. काही टर्बोवाल्या गाड्या, काही मोठ्या परदेशी मोटरसायकली, अशांना. त्यात पेट्रोलने दम धरला नाही तर नुकसान होतं, म्हणून कंपनी झाकणाच्या आतल्या बाजूला लिहूनच देते की ९५ वापरा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये इंधनाच्या पानावर ९१ किंवा त्याहून जास्त असं असेल, उघडून बघा. त्या "त्याहून जास्त" वरच बहुतेक लोक अडकतात, त्यांना वाटतं जास्त म्हणजे अजून चांगलं. त्याचा अर्थ एवढाच की ९१ च्या खाली जाऊ नका, वर गेलात तर इंजिनचं काही वाकडं होणार नाही. इंजिन ट्यून केलेलं असतं ९१ धरून, ठिणगी कधी पाडायची याचा तक्ता गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये त्याच हिशोबाने भरलेला असतो, तुम्ही ९५ घातलंत म्हणून तो तक्ता बदलत नाही. सपाट हायवेवर ७०-८० ने जाताना तर इंजिनवर एवढा लोडच नसतो की ९१ चा दम तुटावा. मग वरचे चार आकडे तिथे काम काय करणार?

आता दिरांचं. त्यांचं चुकत नाहीये, फक्त त्यांची मोजपट्टी वेगळी आहे. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, एक रिसर्च आणि एक मोटर. आपण इथे रिसर्च पद्धतीचा आकडा लिहितो, ज्याला रॉन म्हणतात. अमेरिकेत पंपावर दोन्हीची सरासरी लिहितात आणि ती नेहमी कमी येते. त्यामुळे तिकडचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१-९२, आणि दीर भरतात ते ९३ म्हणजे आपलं ९७-९८ च्या घरातलं. तिकडचं सगळ्यात साधं पेट्रोल आणि आपलं साधं पेट्रोल या बाबतीत जवळपास सारखंच, हलकं वगैरे काही नाही. आणि त्यांच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ८७ लिहिलं असेल तर तेही जास्तीचे पैसेच घालवतायत, हे त्यांना माझ्यातर्फे सांगा. ट्रिपल ए नावाची तिकडच्या मोटारवाल्यांची मोठी संघटना आहे, त्यांनी २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्या घेऊन चाचण्या केल्या, चार सिलेंडर, सहा सिलेंडर, आठ सिलेंडर तिन्ही इंजिनं घेतली, ताकद, मायलेज, धूर सगळं मोजलं, आणि महाग पेट्रोलचा म्हणण्यासारखा फायदा कशातच दिसला नाही. अमेरिकेतले लोक वर्षाला २१० कोटी डॉलर असे विनाकारण घालवतात असा त्यांचा अंदाज होता. मग पुढच्या वर्षी त्यांनी ज्या गाड्यांना कंपनीच महाग पेट्रोल सुचवते त्या तपासल्या, तिथे फरक आला, पण तोही सरासरी काढली तर मायलेजमध्ये २.७ टक्के.

पंपावरच्या मुलाने इंजिन साफ राहतं म्हटलं त्यात थोडं तथ्य आहे, पण ते ऑक्टेनमुळे नाही. काही कंपन्या प्रीमियम पेट्रोलमध्ये साफसफाई करणारी रसायनं घालतात, त्याने इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर मळ कमी साचतो. पण ही रसायनं वेगळी आणि ऑक्टेन वेगळा, आपल्याकडे मध्यंतरी अशी पेट्रोलं पण होती ज्यात रसायनं होती आणि ऑक्टेन मात्र ९१ च. तुमची गाडी आठवड्यातून पाच-सहा दिवस हायवेला पळते, इंजिन रोज नीट गरम होतं, अशा गाडीत मळ तसाही कमी साचतो. दोन किलोमीटरवर शाळा, तिथून भाजी आणि घर, अशी अर्धवट गरम होणारी गाडी असती तर मी म्हटलं असतं की अधूनमधून एखादी टाकी भरा. त्या मुलावर रागावू नका, त्याला जे सांगितलंय तेच तो सांगतो. फक्त नोझल टाकीत जायच्या आधी "साधं घाल" म्हणायची सवय लावून घ्या, कारण काही पंपांवर आपण काही बोललो नाही तर महागातलंच सुरू होतं.

अजून एक, आणि हे आता फार महत्त्वाचं झालंय. साधं म्हणून आपण जे भरतो त्यात आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, त्यामुळे साध्या पेट्रोलचा दम आपोआपच वाढलाय, ९१ आणि ९५ मधलं जे अंतर पूर्वी होतं ते आता तेवढं राहिलेलं नाही, तुम्ही आठ रुपये जास्त देऊन घेताय ते अजूनच कमी. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल तर इथेनॉलच्या एका लिटरमध्ये २१. मिस्टरांना जर गेल्या काही दिवसांत ॲव्हरेज पडलंय असं वाटलं असेल आणि म्हणून त्यांनी ९५ धरलं असेल (तुम्ही लिहिलं नाहीये, पण माझ्याकडे येणारे निम्मे लोक याच कारणाने ९५ वर गेलेत) तर त्याचं कारण बहुतेक हे इथेनॉल आहे, आणि ते ९५ ने भरून निघत नाही, कारण ९५ लिहिलंय म्हणजे त्यात इथेनॉल नाही असं अजिबात नसतं. २०१८ ची गाडी १० टक्के इथेनॉल धरून बनलेली आहे, तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील सर्व्हिसिंगच्या वेळी बघून घ्या, कुठे फुगलेत, चिरलेत का, हे मात्र नक्की करा.

आता खडखड.

९५ भरल्यावर ती खरोखर कमी झाली असेल तर ते नॉकिंगच आहे असं मानायला जागा आहे. मग मिस्टर म्हणतील बघ, फायदा झालाच ना. झाला, पण डोकं दुखतंय म्हणून रोज गोळी घ्यावी आणि चष्म्याचा नंबर तपासूच नये, तसा हा फायदा आहे. ९१ साठी बनवलेलं इंजिन ९१ वर खडखडत असेल तर इंजिनमध्ये किंवा चालवण्यात काहीतरी बदललंय, ते शोधायला हवं. महाग पेट्रोलने आवाज झाकला जातो आणि कारण तसंच आत राहतं, मला खरी काळजी त्याची वाटते, पैशांची त्यामानाने कमी.

पहिली शंका चालवण्यावर. पोफळीपासून वर हेळवाकपर्यंत चढताना गाडीत माणसं किती होती, एसी चालू होता का, आणि मुख्य म्हणजे गिअर कुठला होता? वॅगनआर पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन तिसऱ्यावर तीसच्या स्पीडने घाट चढत असेल तर कुठलंही इंजिन घुसमटणार. खूप जणांना वाटतं वरचा गिअर ठेवला की पेट्रोल वाचतं, सपाटीला ते बरोबर आहे, चढावर नाही. इंजिन हळू फिरतंय आणि लोड पूर्ण, म्हणजे दाबलेल्या गरम मिश्रणाला आपणहून भडकायला भरपूर वेळ मिळतो. पुढच्या वेळी वळणाच्या आधीच दुसरा टाका, इंजिन मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास फिरू द्या, आवाज वाढेल पण तो इंजिनच्या मोकळ्या फिरण्याचा आवाज असतो, त्याला घाबरायचं नाही. दुसऱ्यावर खडखड गेली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

दुसऱ्यावर पण राहिली तर गॅरेज. गाडीचं रनिंग बघता लाखाच्या कितीतरी पुढे गेली असणार. एवढ्या रनिंगला पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये कार्बन साचतो, त्याने आतली जागा कमी होते म्हणजे दाब वाढतो, आणि तो कार्बन निखाऱ्यासारखा तापून राहतो. अशा इंजिनला नव्यापेक्षा जास्त ऑक्टेन लागायला लागतं, ९५ ने फरक पडतो तो इथेच. मेकॅनिकला सांगा की चारचौघांसारखं नुसतं ऑइल बदलून देऊ नको, स्पार्क प्लग काढून बघ, नंबर कंपनीने दिलेलाच आहे का बघ, कारण चुकीच्या हीट रेंजचा प्लग बसवला असेल तर तोच आत लाल होऊन मिश्रण पेटवतो. कूलंट पूर्ण आहे का, त्यात कोणी नुसतं पाणी भरत आलंय का, रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होतो का. इंजिन ऑइल पीत असेल, म्हणजे दोन सर्व्हिसिंगच्या मधे वरून भरावं लागत असेल, तर तेही सांगा, जळलेलं ऑइल पेट्रोलचा दम घालवतं. नॉक सेन्सर म्हणून इंजिनला एक कान असतो, तो खडखड ऐकून कॉम्प्युटरला ठिणगी जरा उशिरा पाडायला सांगतो, त्याची वायर उंदराने कुरतडलेली पण मी बघितली आहे. स्कॅनर लावला की कळतं.

आणि एक शक्यता अशी की हे नॉकिंगच नाही. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं, सहा महिने १०० वालं पेट्रोल भरत होते बिचारे, घाटात खडखड येते म्हणून. गाडी लिफ्टवर घेतली तर सायलेन्सरवरच्या पत्र्याचा, म्हणजे हीट शील्डचा, बोल्ट गंजून सैल झालेला, लोड आला की पत्रा थरथरायचा. एका क्लॅम्पमध्ये काम झालं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, फार वाईट वाटलं, कारण त्यांनी ते पैसे गाडीची काळजी म्हणूनच घातले होते. तर गाडी लिफ्टवर असताना खालून तेवढा पत्रा हलवून बघायला सांगा.

पेट्रोल भेसळीची शंका असेल तर पंपावर गप्प बसू नका. रॉकेलचा ऑक्टेन फार कमी, थोडं मिसळलं तरी इंजिन खडखडतं. फिल्टर पेपर मागायचा आपल्याला हक्क आहे, नोझल पुसून त्यावर एक थेंब टाकायचा, चांगलं पेट्रोल दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून जातं. डेन्सिटी पण तपासून मागता येते, ती आदल्या नोंदीशी जुळवून दाखवायला लागते. तुम्ही ज्या पंपावर नेहमी भरता तिथे एकदा हे करा.

मिस्टरांशी यावरून भांडू नका ताई. गाडीवर जीव असलेला माणूस आहे, त्यांना नुसतं "वाया चाललंय" म्हटलं तर ते अजून हट्टाने ९५ च भरतील. त्यांना प्रयोग करायला सांगा, त्यांचा रोजचा रस्ता एकच आहे म्हणजे प्रयोगाला एकदम योग्य. एकाच पंपावर, एकाच मशीनवर, ऑटो कट होईपर्यंत टाकी फुल, किलोमीटर लिहून ठेवायचे. तीन टाक्या ९५, मग तीन टाक्या साध्या, टायरची हवा दर टाकीला सारखी. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा धरायचा नाही, टाकीत भरलेल्या लिटरने भागायचं. आणि वही त्यांच्याच हातात द्या. महाग पेट्रोल टाकलंय हे माहीत असलं की पाय आपोआप हलका पडतो आणि ॲव्हरेज त्यामुळे वाढतं, म्हणून जमलं तर सहाही टाक्या तुम्ही भरून आणा आणि त्यांना कुठली कुठली आहे ते शेवटी सांगा.

साध्यावर परत येताना टाकी रिकामी करायची वगैरे गरज नाही, उरलेल्या ९५ मध्ये साधं मिसळलं तरी चालतं. फक्त क्रम असा ठेवा की आधी गॅरेज, मग साधं पेट्रोल, मग कुंभार्ली. आणि गॅरेजचं काम व्हायच्या आधीच माहेरी जायचं ठरलं, भर मे महिन्यात, गाडी भरून, तर त्या एका फेरीला चिपळुणात खुशाल ९५ भरून घाट चढा, तिथे ते आठ रुपये मी पण दिले असते. घाटाखाली पोचलात की एसी बंद, दुसरा गिअर, आणि मधे खडखड आलीच तर ॲक्सिलरेटर सोडून गिअर खाली, तशीच दामटून वर न्यायची नाही.

प्लग काढल्यावर त्यांच्या टोकाचा फोटो काढून पाठवा, चारही नाही, तुमच्या इंजिनला तीनच आहेत. पांढरट दिसले तर उष्णतेचा प्रश्न, काळे-तेलकट दिसले तर ऑइलचा, विटकरी-करडे असतील तर गाडी आतून चांगली आहे.